मोटारखान्याचा उस्ताद

"दाराले हात नोका लावू. मी उघडतो."

गाडी पुरती थांबायच्या आत हे वाक्य यायचं. मग तो स्वतः उतरायचा, वळसा घालून मागे यायचा, डाव्या हाताने दाराची मूठ धरायचा आणि उजवा हात उगारलेला ठेवायचा. आत बसलेल्या माणसाने घाई केलीच, तर तो हात खाली यायचा. रोगी असो, पाहुणा असो, त्याला फरक नव्हता.

तुम्ही आज मोटारीतून सहज उतरता. त्या काळी अमरावतीत मोटारी बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या, आणि लोकांना बसता येई पण उतरता येत नसे. दार लाथेने ढकलत, खांबावर आपटत, दाराला लोंबकळून खाली उडी मारत. आमच्या डॉक्टरांची हिरवी मोटार जुनीच घेतलेली होती. दारं लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेली. मी डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो आणि तो मोटार चालवायचा. सगळे त्याला उस्ताद म्हणत. मीही म्हणायचो. त्याचं नाव विचारावं असं मला कधी सुचलं नाही, हे आता लिहिताना टोचतं.

मोटारखाना म्हणजे पूर्वीचा गाडीखाना. दवाखान्याची भिंत एका बाजूला, घराची भिंत दुसऱ्या बाजूला, मधे बैलगाडीपुरती जागा. मोटार आत घेतली की डाव्या बाजूला वीतभर आणि उजव्या बाजूला दीड हात उरे. म्हणून सगळ्यांना अंगणातच उतरवून तो एकटा गाडी आत घाली. दोन्ही भिंतींना त्याने जाड तरटाच्या गाद्या ठोकल्या होत्या. सरकी काढणाऱ्या जिनातला टाकाऊ कापूस पोत्यांनी आणून तो दाभणाने स्वतः शिवत बसे. जमिनीवर चाकांसाठी चुन्याच्या दोन रेघा होत्या. पुढे आढ्याला वाळक्या भोपळ्याचा एक तुंबा टांगलेला. काचेला तुंबा टेकला की गाडी थांबवायची, एवढंच त्याचं काम. पण येणाऱ्या रोग्यांना तो दृष्टीचा उतारा वाटे. एका बाईने त्याला नमस्कार केलेला मी पाहिला आहे. उस्तादने तिला काही सांगितलं नाही.

तो मूळचा परतवाड्याकडचा. चिखलदऱ्याच्या घाटात लाकडांच्या लॉऱ्या चालवलेल्या. उंच, रुंद खांद्यांचा. उजव्या भुवईचे दोन तुकडे झालेले. ते कुणीतरी लॉरीच्या हँडलने केले होते. त्या माणसाचं काय झालं, असं मी एकदा विचारलं.

"ते नोको इचारू," तो म्हणाला.

एकदा एक कापडवाले शेठ पोटदुखीने कळवळत आले. डॉक्टरांनी मोटार पाठवून आणवलं होतं. अंगणात येताच त्यांनी स्वतःच दार उघडलं आणि ते फाटकाच्या दगडी खांबावर आपटलं. उस्तादने शेठना गळपट्टी धरून बाहेर ओढलं आणि त्याच खांबावर पाठीने आपटलं. दोनदा. पोटदुखीसाठी आलेल्या माणसाची पाठ मला शेकावी लागली. डॉक्टर ओरडले, तर उस्ताद शांतपणे म्हणाला, "साहेब, हाड जुळते. पत्रा जुळत नाई."

दूधवाल्याची म्हैस मोटारखान्याच्या दाराशी अंग घासायला लागली, तेव्हा त्याने तिच्या कपाळावर ठोसा मारला. म्हैस हलली नाही. त्याची करंगळी मोडली. पट्टी बांधताना मला हसू आवरेना. त्याने दुसऱ्या हाताने माझा कान धरला आणि पट्टी संपेपर्यंत सोडला नाही.

मलाही एकदा पडली. डॉक्टरांची पिशवी मोटारीत राहिली होती. मी आत शिरून दार उघडलं, कड गादीला जेमतेम टेकली. मागून अशी थप्पड बसली की दोन दिवस कान वाजत होता. संध्याकाळी तो वाटीत कोमट तेल घेऊन आला. "घाल कानात." मी घातलं नाही. मग त्याने मला मोटारीपाशी नेलं, दाराच्या कडेवर माझं बोट फिरवलं. केसाएवढी एक चीर होती. "घाटातल्या लॉरीले दारच नोतं," तो म्हणाला. "माणूस पडे. हे डॉक्टरसाहेबानं भरोशानं देल्लं." एवढं बोलून तो पुन्हा दाभण घेऊन बसला.

आता धाकट्या मालकांबद्दल सांगायला हवं. हे डॉक्टरांचे सख्खे भाऊ. घरची काळी जमीन तेच पाहत. त्यांची बायको रिद्धपुराजवळच्या एका साध्या शेतकऱ्याची मुलगी, लग्नाला चार वर्षं झालेली. ते तिला मारत. भांडणात एखादी चापट बसते तसं नाही. बैलाची पराणी घेऊन मारत. पराणी म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. घराची भिंत दवाखान्याला लागून, त्यामुळे सगळं ऐकू येई. डॉक्टर भले गृहस्थ होते, गरिबाकडून पैसे घेत नसत, पण तो आवाज सुरू झाला की ते पुस्तकाचं पान उलटत. मी खलात औषध कुटत असे. आवाज वाढला की मी जोरात कुटे. माझा खल तेवढा मोठा वाजत होता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

त्या दिवशी डॉक्टर अकोल्याला एका रोग्यासाठी रेल्वेने गेले होते. भर दुपार होती. उस्ताद मोटारखान्यात मोटारीचं पुढचं दार थोडं उघडं ठेवून गादीची उसवलेली शिवण घालत होता. आतून आरडाओरडा झाला आणि धाकट्या वहिनी धावत बाहेर आल्या. अनवाणी होत्या. कपाळ फुटलेलं, एक डोळा रक्ताने मिटलेला. फाटकाला कडी होती. उघडं दार फक्त मोटारखान्याचं होतं, त्या तिथे शिरल्या.

मी दवाखान्याच्या पायरीवर आलो. माझ्या हातात बत्ता होता.

उस्तादने त्यांच्याकडे पाहिलं. मग मोटारीचं मागचं दार दीड हात उघडलं, त्या आत सरकल्या, आणि त्याने ते नेहमीसारखं, आवाज न करता, लावलं.

धाकटे मालक पराणी घेऊन आले. "बाजूले हो."

"मालक, बाहेर या. आतमंदी दोघाले जागा नाई."

"बायको माही हाय."

"हाय ना. बाहेर या."

मालकांनी पराणी फिरवली. पहिला वार उस्तादच्या खांद्यावर बसला, तो हलला नाही. दुसरा मागच्या काचेवर. काच फुटली आणि आतून वहिनींची किंकाळी आली. मागच्या दाराची मूठ मालकांना फिरेना, म्हणून ते भिंतीला घसटत पुढच्या उघड्या दाराकडे निघाले. उस्ताद मागे सरून त्या दाराआड उभा होता. मालक समोर येताच त्याने दार दोन्ही हातांनी उघडलं. उघडलं म्हणजे त्यांच्या छातीवर घातलं, आणि मग खांदा लावला.

ज्या दाराला त्याने सहा वर्षं भिंतीचा स्पर्श होऊ दिला नव्हता, ते दार त्याने माणसामधून भिंतीपर्यंत रेटलं. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मग दुसरा. गादीचं तरट फाटून कापूस बाहेर आला. पराणी खाली पडली. मालकांच्या तोंडून फेस येत होता, आवाज येत नव्हता. उस्तादचा चेहरा मला दिसत होता. त्यावर राग नव्हता. जड पेटी जागेवर सरकवताना माणसाचा असतो तसा तो होता. आणखी थोडा वेळ रेटलं असतं तर मालक मेले असते.

"उस्ताद," मी म्हणालो. तेवढंच बोलू शकलो.

त्याने दार ओढून घेतलं. मालकांना काखेत धरून अंगणात आणलं आणि सावलीत निजवलं. मग फाटक उघडलं आणि मला म्हणाला, "हँडल फिरव."

मी बत्ता खाली ठेवला, पुढच्या फटीत शिरलो आणि इंजिन सुरू होईपर्यंत हँडल फिरवलं. त्या सगळ्या वर्षांत त्या घरात मी केलेलं एवढं एकच काम मला आठवावंसं वाटतं.

पुढचं दार बिजागरीतून निखळलं होतं, लागेना. एका हाताने ते धरून, दुसऱ्या हाताने चाक सांभाळत तो गाडी मागे घेऊन बाहेर पडला आणि रिद्धपुराच्या रस्त्याला लागला. वहिनी मागे खाली वाकून बसल्या होत्या.

तो परत येणार नाही असं मला वाटलं होतं. मालकांच्या बरगड्यांना मी पट्टा बांधला. त्यांचा चुलतभाऊ आणि दोन गडी काठ्या घेऊन ओट्यावर बसून राहिले. दिवेलागणीला गाडीचा आवाज आला. त्याने फाटकातून गाडी आत घेतली, या तिघांकडे पाहिलं, आणि सरळ मोटारखान्यात नेली. रेघांवर चाकं, काचेला तुंबा. सावकाश उतरला. मोडकं दार उचलून जागेवर टेकवलं. बाहेर येऊन मोटारखान्याला कडी घातली आणि अंगणाच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"आता मारा," तो म्हणाला. "पण इथीसाच. तिथीसा गाडी हाय."

त्यांनी मारलं. शहरातल्या निम्म्या लोकांवर हात टाकलेल्या त्या माणसाने हात वर केला नाही. डोकं वाचवायलासुद्धा नाही. डावा हात कोपराशी मोडला, तेव्हा खाली बसला. मी पायरीवर उभा होतो. मधे पडलो असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. आधी भावाला पाहिलं, मग मोटार पाहिली, मग उस्तादला टेबलावर घेतलं. हाड बसवताना मी त्याचे खांदे धरले होते. तो ओरडला नाही. डॉक्टरांनी ते तीनदा ओढून पाहिलं. कोपराचं हाड नीट बसलं नाही.

"उद्यापासून येऊ नको," पट्टी संपल्यावर डॉक्टर म्हणाले.

"बरं साहेब."

"पोलिसात कुणी जाणार नाही."

"बरं."

घराची अब्रू होती, म्हणून कुणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी गळ्यात हात अडकवून, एक गाठोडं घेऊन तो निघून गेला. मी रोग्यांच्या गर्दीत होतो. बाहेर आलो तर फाटकाची कडी हलत होती. पुढे धाकटे मालक बरे झाल्यावर बायकोला आणायला गेले होते. सासऱ्याने त्यांना पाणीही विचारलं नाही, असं गडी सांगत.

संत्र्यांचा हंगाम आला, तेव्हा एक म्हातारा डोक्यावर टोपली घेऊन दवाखान्यात आला. घराकडे त्याने पाहिलंही नाही. "ते डायवर भाऊ कुठी भेटतीन?"

हा वहिनींचा बाप. उस्ताद गेला, असं मी सांगितलं. कुठे ते ठाऊक नाही, परतवाड्याकडे असेल. म्हातारा बाकावर बसला.

"त्या दिवशी पोरीले दारात उतरवलं अन् लगेच गेला. मी वावरात होतो. पोरगी म्हणते, रस्ताभर त्यानं एकडाव मांगं पाह्यलं नाई. तिनं त्याची पाठच पाह्यली." मग त्याने विचारलं, "दिसे कसा तो? भेटला तं ओयखाले पायजे."

मी सांगू लागलो. उंच. खांद्याने रुंद. उजवी भुवई दोन तुकड्यांत. डावा हात आता कोपरात सरळ होत नसेल. नाकाशी जुना वण.

"हे तं मारकुट्या माणसाचं वर्णन झालं," म्हातारा म्हणाला.

"मारकुटाच होता," मी म्हणालो.

अर्धी संत्री त्याने माझ्या टेबलावर ओतली. अर्धी ठेवून घेतली. मी त्याला परतवाड्याच्या सर्व्हिस मोटारीपर्यंत पोहोचवायला गेलो. टोपली मांडीवर घेऊन तो खिडकीशी बसला, आणि मोटार सुटायच्या आधीच शेजारच्या अनोळखी माणसाकडे वळून त्याने स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं.

"इथीसा फुटेल हाय," तो सांगत होता. "डावा हात आखडेल. पाह्यला काय बाप्पा तुमी?"