कोरडे नळ

भिलाईच्या कारखान्यातून क्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या शीला ढोबळे शहराच्या कडेच्या वस्तीत राहायला आल्या. तिथं एका खात्यानं टाकी बांधली होती, दुसऱ्यानं पाइप पुरले होते, तिसऱ्यानं घरोघरी नळ बसवले होते. टाकीला पाइप मात्र कोणीच जोडला नव्हता. तीन वर्षं बाया टँकरमागे धावत होत्या.

दुर्गला जिल्ह्याची आढावा बैठक झाली, तेव्हा तिन्ही खात्यांच्या साहेबांनी काम पूर्ण झाल्याचं सांगितलं. वस्तीतल्या बायांबरोबर तिथं गेलेल्या शीलाबाईंचं डोकंच फिरलं; त्या उठून उभ्या राहिल्या.

"मंग पाणी कावून नाही येऊन राहिलं?"

"जोडणी आमच्या कामात नव्हती," तिघंही म्हणाले.

"मंग एकाच्या कामात टाका. आन् नळाले पाणी येईपर्यंत कोणाचंच काम झालं म्हनू नका."

त्या बसेनात. शेवटी सगळं काम एका इंजिनियरकडे सोपवलं गेलं. जोडणी चार दिवसांत झाली. पाणी आलं, पण चारच दिवस लागले हे कळल्यावर शीलाबाई आणखीनच भडकल्या.