दोन्ही खुणा ठेवणाऱ्या धास्तीबाई

फेरीबोटीत चढण्याआधी धास्तीबाई स्वतःच्या फोनचं नेटवर्क बंद करून टाकायच्या. बाकीचे धक्क्यावर उभे राहून रेंजची शेवटची दांडी पकडायला फोन उंच धरत. या मात्र "जायचंच आहे ते, आपणच घालवलेलं बरं," म्हणत फोनमध्ये काय उरलंय ते तपासत बसत. नाव ऑफिसने ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यात काही चुकीचंही वाटत नव्हतं.

अलिबागच्या आमच्या छोट्या कंपनीत मासेमारी बोटींसाठी ॲप बनत होतं. पाण्याखालचे खडक, जाळी फाटणाऱ्या जागा यांच्या खुणा बोटींच्या नाखवांनी आपापल्या फोनमध्ये करायच्या आणि किनाऱ्याजवळ रेंज आली की सगळ्यांच्या फाइली एकत्र व्हायच्या. हे एकत्र करणं बाईंकडे होतं. रेंज नसताना दोघांनी एकच खूण वेगवेगळी बदलली, तर कोणाची ठेवायची? सोपा उपाय असा, की नंतरची ठेवा, आधीची पुसा. "नंतरचा माणूस जास्त शहाणा, हे कुणी ठरवलं?" बाई विचारायच्या. "त्याच्या फोनचं घड्याळ तरी बरोबर आहे का?" त्या दोन्ही खुणा ठेवायच्या, लाल रंगात.

आमच्या संचालकांना तो लाल रंग खपत नसे. उद्घाटनासाठी त्यांनी फलक छापून घेतला होता. त्यावर त्यांचा फोटो आणि फोटोपासून उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत 'एक समुद्र, एक नकाशा'. थळ गावासमोरच्या एका खडकाला दोन खुणा बघून ते म्हणाले, "पाहुण्यांना हे दिसता कामा नये. जुनी पुसा."

"आधी जागेवर जाऊन बघू," बाई म्हणाल्या. त्यांना पाण्याची भयंकर भीती; फेरीबोटीतही त्या कठड्यापासून लांब बसत. आम्ही चाट पडलो.

थळच्या नाखवांच्या बोटीतून संचालक, बाई आणि मी निघालो. जुनी खूण याच नाखवांची. नवी पलीकडच्या गावच्या एका नाखवाची. तिथे त्याची जाळी फाटली, तेव्हा मूळ खूणच चुकली असं समजून त्याने ती बाहेरच्या अंगाला सरकवली होती. खडक जवळ आला आणि धुकं उतरलं. ओहोटी लागलेली, बोटीचं पुढचं टोकही दिसेना. रेंज कधीच गेली होती. संचालकांनी लाइफ जॅकेटचे पट्टे पुन्हा आवळले.

"बाय, माझा खडक आतल्या अंगाला हाय," नाखवा म्हणाले. "त्या येड्याच्या खुणेवर काय पन न्हाय. सरळ तिच्यावरून नेतो, बघच."

"नवी खूण खरी," संचालक म्हणाले. "जुन्या खुणेवरून घ्या, तिथे काही नाही."

दोघांनाही तिळमात्र शंका नव्हती. बाईंचे ओठ पांढरे पडले होते.

"नाखवा, पाया पडते तुमच्या. दोन्हीकडे खडक आहे असं धरा आणि लांबून वळवा."

"किती भितंस गं!"

"भिते. पण वळवा."

चरफडत नाखवांनी बोट वळवली, इंजिन मंद केलं. मग पाणी दगडावर फुटल्याचा आवाज आला. धुकं जरा विरळ झालं, आणि आतल्या खुणेपाशी एक काळा माथा दिसला. बाहेरच्या खुणेपाशी दुसरा. त्या माणसाला नवाच खडक सापडला होता, आणि त्याने तो जुना समजून खूण हलवली होती. नाखवांनी छातीवर हात ठेवला.

मला वाटलं, आता बाई सुटकेचा श्वास टाकतील. त्या कठडा घट्ट धरून पुढच्या धुक्याकडे बघत होत्या.

"तिसरा असला तर?" त्या म्हणाल्या.

किनारा लागेपर्यंत नाखवांनी इंजिनाचा वेग वाढवला नाही.

उद्घाटनात संचालकांनी लाल खुणा ही आपली दूरदृष्टी असल्याचं सांगितलं. काही महिन्यांनी बाई आईच्या आजारपणामुळे माणगावला कायमच्या परतल्या आणि त्यांचं काम माझ्याकडे आलं. नवे सहकारी दोन खुणा दिसल्या की विचारतात, "सर, एक पुसू ना?" "दोन्ही राहू द्या," मी म्हणतो, आणि मग नकाशाच्या मोकळ्या निळ्या भागाकडे बघत राहतो, जिथे अजून कुणी काहीच लिहिलेलं नाही.