बोलायची सावड

ये गं, अशी जवळ सरक. तो मोबाईल आधी पालथा ठेव. मागच्या खेपेला माझं बोलणं निम्म्यात सोडून उठलीस आणि मग साऱ्या नात्यात सांगत सुटलीस, की मावशीनं पडवीत महिला मंडळ काढलंय. अर्धवट ऐकून पुढे सांगायची ही खोड बरी नव्हे. तिथे बायका आहेत तसा पुरुषही आहे, आणि भिशी नाही की हळदीकुंकू नाही. आता नीट ऐक.

माझी लेक तंबू शिवते, हे तुला ठाऊक आहे. पवनेच्या काठाला शहरातली माणसं राहायला येतात. त्या कॅम्पवाल्यांचे तंबू फाटतात, चेनी अडकतात, शिवणीतून पाणी गळतं. ते सगळं इथे औंढ्याला हिच्या मशीनवर येतं. हात चांगला आहे तिचा. पण फोन वाजला की तोच हात थांबतो आणि पोरगी आक्रसून जाते. लहानपणापासून असंच. कुकरची शिट्टी झाली की कान दाबायची, पाहुण्यांच्या तोंडाकडे बघायची नाही. गावानं तिला मुजोर ठरवून टाकलं. चांगली तिशीला आली तेव्हा पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला ऑटिझम म्हणतात, हा आजार नव्हे, हिचा मेंदू वेगळ्या तऱ्हेनं चालतो. घरी येताना लेक गाडीत एवढंच बोलली, "बरं झालं. मुजोर नाही हे आता लेखी आहे."

पण धंदा म्हटला की चार माणसांत ऊठबस आली. लोणावळ्याच्या एका हॉटेलात छोट्या धंदेवाल्यांचा मेळावा होता, कुणी सांगितलं म्हणून तिथे तिला नेलं. तिथे काय, एकेकानं उठायचं, माईक धरायचा, स्वतःचं कौतुक सांगायचं, मग सगळ्यांशी हात मिळवत फिरायचं. वर मोठ्यानं गाणी. लेक शेजारून कधी उठली, कळलंच नाही. शोधत गेले तर हॉटेलाच्या मागे, भांडी घासतात तिथे एका क्रेटवर बसलेली. शेजारच्या क्रेटवर कुसगावचा एक सरबतवाला. करवंदाचं, जांभळाचं सरबत करून दुकानांना देतो. त्याचं हिच्या उलटं. तोंड थांबत नाही, पाय एका जागी ठरत नाहीत, आणि शेगडीवर काय ठेवलंय ते ध्यानात राहत नाही. तो तिला म्हणत होता, "ताई, मला बसवत नाही, तुला बोलवत नाही. आत ज्यांना दोन्ही जमतंय त्यांना करू दे धंदा. आपण गुलाबजाम खाऊ."

परक्याशी न बोलणारी माझी लेक म्हणाली, "पाक गॅसवर ठेवून आलोय, असं तुम्ही मघाशी म्हणालात."

तो वाटी तिथेच टाकून घरी फोन करायला धावला.

तिथेच माझ्या मनात आलं. आपल्याकडे भातलावणीला सावड असते. आज तुझ्या खाचरात मी, उद्या माझ्या खाचरात तू. त्यात कुणी कुणावर उपकार करत नाही. मग बोलायची सावड का नको? यानं हिचे फोन घ्यावेत, हिनं त्याच्या शेगडीपाशी बसून वेळेवर पाक उतरवावा. दोघांना विचारलं, दोघंही हो म्हणाले.

पुढे वरच्या वाडीवरची एक बाई आली. बांबूच्या टोपल्या विणते, हॉटेलवाले त्या उलट्या टांगून आत दिवे लावतात. तिला अक्षरं पाण्यात हलल्यासारखी दिसतात, त्यापायी शाळा सुटली. तिचं लिहिणं-वाचणं आता लेक बघते. तोंडावर बोलायला मात्र ती बाई कुणाच्या बापाला भीत नाही.

गुरुवारी तिघं आमच्या पडवीत आपापलं काम घेऊन बसतात. नियम लेकीचे. कसं काय चाललंय म्हणून विचारायचं नाही. कुकर लावायचा नाही. भिंतीकडे तोंड करून बसलेल्याला राग आलाय, असं धरायचं नाही. आणि मला, जिला गप्प बसणं म्हणजे निर्जळी उपास, "अजून थोडं घ्या" म्हणायची बंदी.

आता खरी गोष्ट. दिवाळीनंतर कॅम्पवाल्यांचा हंगाम. पवनानगरकडचा एक मोठा कॅम्पवाला, त्याच्या एकट्याच्या तंबूंवर हिचं वर्ष निघायचं. त्यानं निरोप धाडला, फोन भलताच माणूस उचलतो, मला शिवणारीशीच बोलायचंय, नाहीतर माल पुण्याला पाठवतो. ते काम गेलं असतं तर मशीन विकून हॉटेलाच्या लाँड्रीत लागायचं, असं लेकीनं ठरवलं होतं. त्या घरघरीत ती कशी टिकणार? मी म्हटलं, मशीन या घरातून हलणार नाही. त्याला गुरुवारी इथे बोलवा.

आला. सरबतवाल्यानं तिच्या वतीनं सुरुवात केली आणि वाहवत गेला. "भाऊ, सगळेच्या सगळे दिवाळीआधी देतो, काळजीच सोडा."

लेकीची मशीन थांबली. भिंतीकडे तोंड ठेवूनच ती मान हलवायला लागली, नाही, नाही.

"बगा, हिलाच कबूल न्हाई," कॅम्पवाला म्हणाला. "मग हिनंच सांगावं की. मान वळवून बोलाय काय झालं?"

वाडीवरची बाई टोपलीवरून नजर न काढता म्हणाली, "भाऊ, तुमाला तंबू शिवून पायजे का तोंड बगाय पायजे?"

"बाई, धंद्यात इस्वास लागतो."

"मंग तंबूवर ठिवा इस्वास. गळतोय का बगा."

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. मेसेज लेकीचा, तिथूनच लिहिलेला. त्यानं मोठ्यानं वाचला, "सगळे जमणार नाहीत. चेनीचे आणि शिवणीचे दिवाळीआधी देते. निळ्या तंबूंचं कापड उन्हानं विरलेलं मी गेल्या सालीच पाहिलंय, ते शिवून तुम्हाला फसवणार नाही."

"आगं, मी हितंच बसलोय. मला मेसेज कशाला करती?"

पुन्हा वाजला. "इथंच बसलाय म्हणूनच."

सरबतवाला फिस्सकन हसला. कॅम्पवाला हसला नाही. पण खिशातून चष्मा काढला आणि एका बोटानं लिहायला लागला. मग बराच वेळ दोघं एकाच पडवीत, एकमेकांकडे न बघता, लिहून बोलत बसले. काय चाललंय विचारावं म्हणून माझी जीभ नुसती वळवळत होती. पदर तोंडात धरला.

शेवटी तो उठला. मला म्हणाला, "मावशी, निळे मी दुसरीकडं दावतो. बाकीचे उद्या टेम्पोत टाकतो. पुढच्या सालाचं पुढं."

म्हणजे सगळं काम राहिलं असं नाही. पण मशीन राहिली. उरलेली खोट वाडीवरच्या बाईनं भरली. टोपल्या घेऊन जिथे जिथे जाते, तिथे फाटका तंबू विचारते. आणि लेकीनं सरबतवाल्याला त्याच दिवशी बजावलं, "माझ्या वतीनं तारीख द्यायची नाही."

"नाही देत, ताई. पण बोलू तर?"

"बोला. तारीख सोडून."

आता आणखी माणसं विचारतायत. पडवी अपुरी पडते, म्हणून मागचा रिकामा गोठा सारवून घेतलाय. गावात कुणी याला खुळ्यांचा बाजार म्हणतं. म्हणू दे, बाजार भरलाय ना?

आणि तू आता लांबून ऐकत बसू नकोस. येत्या गुरुवारीच ये, पुढच्याची वाट बघू नकोस. हातातलं काम घेऊन ये. निम्म्यात उठावंसं वाटलं तरी चालतंय, एक कोपरा तुला धरून ठेवते.