खजिन्याबाहेरच्या चपला

आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले. लेखन म्हणून चार ओळीही कधी लिहिल्या नाहीत. आता निवृत्तीनंतर जाणत्या वाचकांपुढे हे धाडस करतो आहे, त्याबद्दल आधीच क्षमा असावी. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी निजामकालीन कचेरी पाडून सिमेंटची इमारत व्हायची होती. जुन्या वास्तूची मापं घेण्यासाठी मला धाडलं होतं. काळ्या दगडाचं चिरेबंदी काम, कमानींचा व्हरांडा आणि मधोमध खजिन्याची खोली — एकही खिडकी नाही. खजिना केव्हाच हलला होता. रिवाज मात्र उरला होता. लक्ष्मीची जागा म्हणून चपला बाहेर काढायच्या, आणि कुलूप लावण्यापूर्वी शिपायाने हाक द्यायची.

शुक्रवारची संध्याकाळ. पुढे दुसरा शनिवार, मग रविवार. कचेरी रिकामी झाली होती. मी रिवाजाप्रमाणे चपला बाहेर काढून, टेप घेऊन खजिन्याच्या खोलीतल्या खांबाआड वाकलो होतो.

"कोन हाय का आत?" शिपाई करीमचाचांची हाक आली.

"आहे, आहे! थांबा!"

दार मिटलं. कुलूप खटकलं.

मुठी आपटल्या, ओरडलो. दगड माझाच आवाज माझ्या अंगावर टाकत राहिला. मला दमा, आणि औषध मुक्कामाच्या खोलीवर! उंबऱ्यापाशी आडवा होऊन दाराच्या फटीला नाक लावलं. सोमवारपर्यंत हा श्वास पुरणार नाही, एवढंच कळत होतं. छाती शिट्टीसारखी वाजू लागली...

अचानक कुलूप पुन्हा वाजलं. दारात चाचा, हातात माझ्या चपला.

"या अल्ला! साहेब, तुमी आतच? सायकलीवर बसलो न् ध्यानात आलं — साहेब काय अनवाणी गेले? म्हणून मागं फिरलो."

"चाचा, मी 'आहे' म्हणून ओरडलो होतो ना!"

"मस्करी नका करू. माझ्या पाठीमागून, व्हरांड्यातून तुमीच म्हनलात, 'आत कोणी नाही, लावा कुलूप.'"

"वळून का नाही पाहिलंत?"

"कावून बगू? तुमचा आवाज वळखीत न्हाई का मी?"

प्रतिध्वनी असेल, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण प्रतिध्वनी शब्द परत देतो, बदलत नाही. ती कचेरी पुढे पाडली गेली.

मी आत होतो, तर बाहेर कोण बोललं?