मुंगळ्यांना घातलेलं पीठ

मी मुंगळ्यांचा अभ्यास करते, हे ओझरकडच्या नातेवाइकांना सांगायला आई कायम कचरायची. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘मंग त्यांला मारायचं औषध काढती का?’ आई माझ्याकडे बघायची आणि मी चिडायचे. उत्क्रांती वगैरे शब्द लग्नाच्या पंगतीत चालत नाहीत. शेवटी मीच एक सोपं उत्तर काढलं, मुंगळ्यांच्यात वाटणी का होते ते बघते. वाटणी म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना सगळं समजतं.

ते खोटंही नव्हतं. मी बघते त्या काळ्या मुंगळ्यांत वेगळी राणी नसते. बिळात राबणाऱ्या सगळ्या माद्याच. जन्माला येणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीवर दोन बारीक कोंब असतात आणि बिळातली कारभारीण, म्हणजे अंडी घालणारी एकटीच, ते कुरतडून टाकते. कोंब गेले की तिला पिल्लं होणं नाही, जन्मभर नुसतं राबणं. हे ऐकून आई म्हणाली होती, ‘म्हंजे सासूच की.’ मग कधीतरी बीळ फुटतं आणि निम्म्या जणी वेगळ्या निघतात. माझं म्हणणं होतं की हे उन्हाळ्यातल्या उपासमारीनं होत असावं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या भुकेनंच त्यांना वेगळं व्हायला लावलं असावं. ते दाखवायचं, तर लागोपाठचे काही उन्हाळे बिळं आपल्या नशिबावर सोडायला हवी होती. कुणी हात लावायचा नाही.

जागा मिळाली ती तळेघरजवळ, भातखाचरांच्या वरच्या बांधाला. जमीन एका मावशींची, आईच्याच वयाच्या. त्यांना मी बजावून सांगितलं, इथं नांगर घालायचा नाही, गुरं बांधायची नाहीत, राब भाजायचा नाही. भाताची रोपं टाकण्याआधी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात, तो राब. माझ्यापायी मावशींनी सासऱ्यांच्या वेळची राबाची जागा खाली हलवली आणि गावाची चेष्टा ऐकून घेतली. मी मुंगळ्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके लावत बसले की त्या शेजारी टेकायच्या. ‘हळदीकुकू हाये व्हय यांचं?’ म्हणायच्या.

शेवटचा एक उन्हाळा उरला होता. तो नीट पार पडला असता तर अभ्यास पुरा होऊन छापून आला असता, आणि माझी पुढची नोकरी त्याच्यावरच टांगलेली होती. दर थोड्या वर्षांनी कंत्राट संपणाऱ्या माणसाला पहिल्यापासून सुरू करण्याची चैन परवडत नाही. नेमका त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर आईला अर्धांगवायू झाला.

‘तू जा. आईला बघ. हितली काळजी करू नको,’ मावशी म्हणाल्या. मी नारायणगावच्या दवाखान्यात येऊन बसले. आईची उजवी बाजू लुळी पडली होती. तिला काहीतरी सांगायचं असायचं, शब्द यायचा नाही, आणि ती रडायची. डॉक्टर म्हणायचे, वाट बघा. वाट बघण्याचाच तर मी पगार घेते, पण तिथं मला ते जमेना. मी नर्सवर उखडायचे, बाहेर जाऊन चहा प्यायचे, परत यायचे. हळूहळू तिची बोटं हलायला लागली. घरी आणल्यावर ती काठी धरून उभी राहिली.

उन्हाळा सरत आला तेव्हा कुठे मला तळेघरला जायला जमलं. एसटीतून उतरून बांधापर्यंत चढून गेले, तर बिळांच्या तोंडाशी पांढरं काहीतरी दिसलं. वाकून बघितलं. पीठ होतं, साखर कालवलेलं. त्यावर बारक्या लाल मुंग्यांची जत्रा भरली होती. त्या साखरेला आल्या आणि तिथंच राहिल्या. माझ्या बिळांत शिरून त्यांनी माझे मुंगळे खाल्ले होते. ठिपके लावलेले तुकडे मातीत पडले होते.

मावशी मागून आल्या.

‘रोज सकाळी घातलं बघ, एक दिस चुकवला न्हाई. मुंगीच्या तोंडी घास गेला की आजारी मानसाला गुण येतो. आन ह्या तर तुझ्याच मुंग्या. आई कशी हाये?’

‘चालते आता,’ मी म्हणाले.

‘झालं तर मंग,’ त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदरानं डोळे टिपले.

मी तिथंच बसले. राग आला होता, रडू येईल इतका, आणि तो काढावा असं समोर कुणीच नव्हतं. नांगराचं सांगितलं होतं, गुरांचं, राबाचं सांगितलं होतं. जेवू घालू नका, हे कुणाला सुचणार? मावशींच्या घरी चहा गुळाचा होतो. साखर त्यांनी माझ्या आईसाठी आणली होती.

‘आता बंद करू का?’ त्यांनी विचारलं. ‘तू म्हनशील तसं.’

वरच्या अंगाची थोडी बिळं अजून शाबूत होती. पीठ तेव्हाच थांबलं असतं तर निदान तेवढी वाचली असती आणि त्यांच्यावर पुन्हा काहीतरी उभं करता आलं असतं. त्या पिठाचा आणि आईच्या पायांचा काही संबंध नाही, हे मी वर्गात कुणालाही दोन वाक्यांत समजावून दिलं असतं. त्या दिवशी मी निघताना आई उंबऱ्यापर्यंत काठीशिवाय आली होती.

‘घाला अजून थोडे दिवस,’ मी म्हणाले.