बाबांच्या झिंग्यांसाठी हिंगणघाट आणि वडनेर

सुकी मासळी आणायला पुण्याहून वर्धा जिल्ह्यात कोण जातं? आमच्या घरात तर हा प्रश्न जास्तच हास्यास्पद होता. महेशचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं माहेर (हो, मी त्याच्या घराला माहेरच म्हणते) अलिबागजवळ. सासूबाई दर उन्हाळ्यात सोडे, बोंबील, जवळा यांचे डबे भरून पाठवतात. तरीही फेब्रुवारीत मी चार दिवसांची रजा टाकली आणि वर्ध्याचं तिकीट काढलं.

कारण बाबा जेवत नव्हते.

बाबा वडनेरच्या शाळेतले निवृत्त मास्तर. आई गेल्यापासून चार वर्षं आमच्याकडेच असतात. डिसेंबरात त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं, पण अन्नावरची वासनाच उडाली. दोन चमचे वरण-भात, की ताट सरकवायचे. महिन्याभरात हाताची कातडी सैल पडली. तपासणीला डॉक्टर स्पष्टच म्हणाले, "पुढच्या सोमवारपर्यंत वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल." मासे चालतील का, असं मी विचारलं. "जे मागतील ते द्या, फक्त मीठ बेताचं," म्हणाले.

त्या संध्याकाळी मी बाबांच्या उशाशी बसून विचारलं, "बाबा, काय करून देऊ? काहीही सांगा."

ते म्हणाले, "झिंगे."

मला इतका आनंद झाला! लगेच सासूबाईंचे सोडे काढले, भिजवले, कांदा-कोकम घालून रस्सा केला. बाबांनी एक घास घेतला आणि मान हलवली. "हे नाई बेटा. हे मोठे हाये."

मग कळलं. विदर्भात झिंगे म्हणतात ते तळ्यातले, नदीतले, नखाएवढे, सुकवलेले कोळंबीच्या जातीचे जीव. समुद्राच्या सोड्यांशी त्यांचं नातं नावापुरतं. पुण्यात दोन बाजार पालथे घातले, मिळाले नाहीत. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटात निघाला जवळा. महेशच म्हणाला, "तू जाऊन ये. बाबांकडे मी बघतो."

पुण्याहून संध्याकाळी गाडीत बसलं की सकाळी वर्ध्याला उतरता येतं. स्टेशनवर पोहे खाल्ले, चहा घेतला आणि एसटी स्टँड गाठला. हिंगणघाटची बस तासा-सव्वातासात पोहोचवते, आणि बायकांना तिकीट अर्धं. खिडकीतून तुरीची कापलेली शेतं, मधेच हरभऱ्याची हिरवी चौकट, आणि कापसाने इतक्या फुगलेल्या गाड्या की मागून बघताना गाडी दिसतच नाही, फक्त चालणारा पांढरा ढीग दिसतो. तुम्ही हिवाळ्यात जाणार असाल तर नाकाला रुमाल ठेवा, जिनिंगच्या गिरण्यांच्या आसपास हवेत कापसाचं तूस तरंगत असतं.

हिंगणघाटला माझा चुलतभाऊ दिलीप कापडाचं दुकान चालवतो. त्याची बायको सुनीतावहिनी दारातच भेटली. येण्याचं कारण ऐकून तिने पदर तोंडाला लावला.

"झिंग्यांसाठी पुन्याहून आल्या तुमी? ताई, मोठेबाबा झिंगे खात होते? मोठीआई तं माळकरी होती नं!"

खरंच की. हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. मासे मी पहिल्यांदा खाल्ले ते लग्नानंतर, अलिबागला. मग बाबा झिंगे खात होते कुठे?

दुपारी वहिनी मला बाजारात घेऊन गेली. सुक्या मासळीची ओळ शोधायला विचारावं लागत नाही, नाकच नेतं. ताडपत्रीवर बोंबलाच्या जुड्या, जवळ्याचे ढीग. इथे जवळ्याला सुकट म्हणतात. हा सगळा माल किनाऱ्यावरून येतो. झिंगे एकाच दुकानात होते, आणि तेही अर्धे भुगा झालेले, ओलसर, डोळ्याला झोंबणाऱ्या वासाचे.

एक सल्ला इथेच देते. सुकी मासळी घेताना मूठभर हातात घ्या आणि दाबा. कुरकुर वाजली पाहिजे. हाताला चिकटली तर सोडून द्या. वास खमंग-खारा असावा, तिखट झणका असेल तर माल जुना किंवा भिजलेला. आणि तळाचा माल वर काढून बघायला लाजू नका, वाळू तिथेच असते.

"ताजे नाईत का हो, दादा?" मी विचारलं.

"झिंगे आता कमीच येऊन राह्यले बाई," दुकानदार म्हणाला. "वडनेरची गिरजाबाई आनत होती अस्सल माल. दोन महिने झाले, दिसलीच नाई."

वडनेर! आमचंच गाव. आणि गिरजाबाई हे नाव मला कुठेतरी ओळखीचं वाटत होतं. घरी आल्यावर दिलीपने फोनवर दोन-तीन जणांना विचारलं, तेव्हा आठवलं. बाबांच्या शाळेत नारायणकाका शिपाई होते. गिरजाबाई त्यांची बायको. मी लहानपणी त्यांना फार तर दोनदा पाहिलं असेल. त्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, नाल्यापलीकडे राहायच्या आणि आमचं तिकडे जाणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळीपिवळीने निघाले. जीप भरेपर्यंत हलत नाही, घाई असेल तर एसटीच बरी. वणा नदी ओलांडली, मग हैदराबादकडे जाणारा रुंद महामार्ग, आणि अर्ध्या तासात वडनेर. फाट्यावर उतरले. शनिवार होता. सोमवारी डॉक्टर. गिरजाबाई आजारी असतील तर? माल संपला असेल तर? त्या नसल्याच तर?

नाल्यापलीकडे टिनाचं छप्पर असलेलं दोन खोल्यांचं घर. अंगणात बाजेवर एक म्हातारी गुडघ्याला तेल चोळत बसली होती.

"गिरजाकाकू?"

तिने डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं. "कोन वं?"

"मी मंजू. देवळाजवळच्या मास्तरांची."

"मास्तराची मंजू!" तिने गुडघा विसरून उठायचा प्रयत्न केला आणि परत बसली. "माय वं! मास्तर बरे हायेत नं?"

त्या प्रश्नाला मी उत्तर द्यायला गेले आणि मला रडूच कोसळलं. दोन महिने दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, महेशसमोर एकदाही रडले नव्हते. इथे अनोळखी अंगणात बाजेच्या कडेला बसून ओक्साबोक्शी रडले.  काकूंनी तेलाचा हात लुगड्याला पुसला आणि माझ्या पाठीवर ठेवला.

सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हात्तिच्या! झिंगे हाये माह्याजवळ. गुडघ्यानं बाजार बंद झाला, पन घरच्यापुरते ठेवतो नं आपन." मलाच आत पाठवून पत्र्याचा डबा आणवला. झाकण उघडलं. गुलाबी-केशरी, कोरडे, कुरकुरीत झिंगे. मी मूठ भरून दाबली. वाजले!

"काकू, आता करायचे कसे तेही शिकवा. आईला तर येत नव्हतं. बाबांना तुमच्या हातचीच चव आठवत असेल."

काकू हसायला लागल्या. तोंडात तीन-चारच दात उरलेले, पण हसू अंगणभर.

"मले काय विचारतं पोरी! तुह्या बापानंच मले शिकोलं."

"बाबांनी?" मी विचारलं.

काकू सांगत गेल्या. बाजाराच्या दिवशी शाळा सुटली की बाबा नारायणकाकांबरोबर इकडे येत. काकूंच्या माहेरी झिंगे नुसते भाजून खायचे. बाबांनी चुलीसमोर पाटावर बसून वांगी चिरली, लसूण ठेचला, जवसाच्या तेलाची फोडणी दिली. "मास्तर माह्या चुलीपाशी बसला, तं वस्तीतले लोक पाहाले आलते. त्या जमान्यात आमच्या घरी पानी पेत नव्हतं कोनी." नारायणकाका गेले त्या वर्षीही बाबा आले होते. त्या दिवशी म्हणे नुसते जेवले आणि गेले.

माझे बाबा. ज्यांना मी आयुष्यात गॅस पेटवताना पाहिलं नव्हतं.

"फोन लाव त्याहिले," काकू म्हणाल्या.

मी फोन स्पीकरवर लावला, तिकडे महेशने तो बाबांच्या कानाला धरला. काकूंनी सरळ सुरुवात केली.

"मास्तर, मी गिरजा. जेवत काऊन नाई तुमी?"

 पलीकडून बाबांचा आवाज आला, खरखरीत पण मोठा. "गिरजाबाई? जित्या हाये तुमी?"

"तुमच्या आंदी नाई मरत मी! पोरीच्या हाती झिंगे देऊन राह्यली. खाजो बरं."

"मीठ कमी टाकाले सांगजो तिले. तुमच्या हातचे खारट होत होते."

"खारट? तीस वर्सं बोटं चाटून खाल्ले, आता खारट झाले?"

आणि बाबा हसले. फोनवरून ऐकू आलं. महेशने नंतर सांगितलं, की ते बोलता बोलता उशी मागे घेऊन स्वतः उठून बसले होते.

काकूंनी मला दुपारचं जेवण घातल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकर, झिंग्याची चटणी (भाजलेले झिंगे, लसूण, सुकी मिरची पाट्यावर रगडून, वरून कच्चं जवसाचं तेल) आणि कांदा. इतकं साधं आणि इतकं जोरकस जेवण मी फार दिवसांत जेवले नव्हते. निघताना "मास्तरले आनजो एकडाव," म्हणाल्या आणि डब्यातले सगळेच्या सगळे झिंगे माझ्या पिशवीत ओतले. घरच्यापुरते ठेवा म्हटलं तर रागावल्या.

गाडीतून सुकी मासळी आणणाऱ्यांसाठी: घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, त्यावर दोन प्लास्टिकच्या पिशव्या, आणि ते सगळं कपड्यांच्या मधोमध. तरीही समोरच्या बर्थवरच्या काकांनी दोनदा आपले बूट तपासले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आल्यावर एक दिवस उन्हात घालून काचेच्या बरणीत भरा, दोन-चार सुक्या मिरच्या टाका, कीड लागत नाही.

रविवारी सकाळी घरी पोहोचले. अंघोळ करून थेट स्वयंपाकघरात. वांगी चिरली, झिंगे मोठ्या पातेल्यात पाण्यात टाकले आणि धुवायला घेतले. मिशा, पाय सगळं पाण्यात तरंगून हाताला चिकटायला लागलं. तेवढ्यात मागे आवाज झाला. बाबा भिंतीला धरून दारात उभे. महिन्याभरात बाथरूमपलीकडे ते आपणहून गेले नव्हते. मागे महेश दोन्ही हात पसरून, पडले तर धरायला.

"काऊन धुतले?" बाबा म्हणाले. "आंदी भाजाचे. मंग चोळाचे. मिशा झाडाच्या. मंग धुवाचे!"

"चुकलं बाबा. अजून आहेत."

महेशने खुर्ची आणली. बाबा ओट्याजवळ बसले. मी कोरड्या तव्यावर झिंगे भाजले. गार झाल्यावर त्यांनी ताटात घेऊन दोन्ही तळव्यांनी हलकेच चोळले आणि ताट हलवून मिशा-पाय कडेला काढले. कामात चूक नव्हती. मग दोन पाण्यांत धुतले. कांदा, ठेचलेला लसूण, तिखट, वांग्याच्या फोडी, झिंगे, आणि रस्सा पातळ. मीठ त्यांनी स्वतः घातलं, चिमटीने.

भाकर कुस्करून त्यांनी पहिला घास घेतला. मी आणि महेश उभेच. दुसरा घेतला. तिसरा.  अर्धी भाकर संपली तेव्हा त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "बसा नं तुमी. पाहून काय राह्यले?"

 मी खाली फरशीवरच बसले.

सोमवारी डॉक्टरांनी वजन केलं. वाढलं नव्हतं, पण उतरलंही नव्हतं. "नळीचं नंतर बघू," म्हणाले. आता तीन आठवडे झाले. रोज झिंगे नसतात. वरण-भात चालतो, सासूबाईंचे सोडेही चालायला लागलेत, 'मोठे' असूनसुद्धा. नळीचा विषय निघत नाही.

एवढ्या प्रवासातून काय उरलं म्हणाल, तर एक गोष्ट मी बाबांना विचारल्याशिवाय राहू शकले नाही. परवा जेवण झाल्यावर विचारलं, "आईला माहीत होतं?"

बाबा हात पुसत होते.

"मी कधी सांगतलं नाई," ते म्हणाले. "तिनं कधी पुसलं नाई. पन बाजाराच्या दिवशी घरी आलो, का न्हानीपाशी गरम पानी राहे अन् हात धुवाले वाटीत अर्धं लिंबू. अन् त्या राती माहं ताट तेवढं वाढत नव्हती."