ब्लाऊजच्या टेपनं मापलेली खिडकी

मला एसी हवा होता तो नवरा परत मिळावा म्हणून. लपवायचं कशाला? सत्तरी उलटल्यावर लाजायला वेळ कुणाला आहे!

झालं असं, मागच्या उन्हाळ्यात नातू शिकायला पुण्याला गेला आणि त्याची खालची एसीची खोली रिकामी पडली. आमची खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. एप्रिलातल्या एका दुपारी आमचे हे काखेत उशी मारून "जरा खाली पडतो" म्हणून उतरले, ते उतरलेच. पावसाळा गेला, थंडी गेली, शिवारातला ऊस तुटून कारखान्याला गेला, तरी म्हातारा वर येईना. विचारलं की म्हणायचे, "गुडघं दुखत्यात, जिना चढवत न्हाय." आणि टाकीत पाणी किती आहे बघायला दिवसातून दोनदा गच्चीवर!

यात माझंही पाप होतं. लग्न होऊन आले तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याची पोर. आमच्याकडं मे महिन्यातसुद्धा पहाटे गोधडी लागते, हे मी कोल्हापुरात आल्या आल्या गल्लीभर सांगून टाकलं होतं, जसा काही तो घाट मीच बांधला. यांनी हौसेनं छताचा पंखा आणला, तर मी नाकाला पदर लावून म्हणाले, "मला वारं बाधतं." नाजूक बाईला काहीतरी बाधलंच पाहिजे, अशी माझी समजूत. तो बिचारा माणूस तीन उन्हाळे बंद पंख्याकडं बघत घाम पुसत झोपला. शेजारी ही महाराणीही घामानं चिंब, पण कबूल करेल तर शपथ. आज ती बाई भेटली तर एक कानाखाली ठेवून देईन आणि पंखा पाचवर करीन.

तर यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर मी ठरवलं, वरच्या खोलीत एसी बसवायचा आणि यांना पत्ता लागू द्यायचा नाही. सुनेला फितवलं. ती म्हणाली, "आई, स्प्लिटचा बाहेरचा डबा लटकवायला आपल्याला भिंतच नाही, दोन्हीकडं शेजारी चिकटलेत, आणि गच्चीवर ठेवला तर उन्हात भाजंल. तुम्हाला खिडकीतलाच घ्यावा लागंल." खिडकी आमची एकच, गल्लीकडची. हे पेपर वाचत बसलेले बघून मी टेप घेऊन वर गेले, खिडकी मापली, चिठ्ठीवर लिहिली आणि आम्ही दोघी रिक्षात बसलो. अगदी शाळा बुडवून सिनेमाला निघालेल्या पोरींसारख्या.

दुकानात एक खिडकीचा एसी चालूच ठेवला होता. मी समोर जाऊन उभी राहिले. पदर उडाला, घामानं पाठीला चिकटलेलं ब्लाऊज सुटलं. हलावंसंच वाटेना.

"पावणं, आवाज लई करतोय का हो ह्यो?"

"आज्जी, विंडो म्हटल्यावर थोडा करणारच."

"आमच्या ह्यांच्या घोरण्यापेक्षा कमी हाय का, तेवढं सांगा."

"ते घोरणं मी कुठं ऐकलंय आज्जी?"

मग मी ऐकवलं. फ्रिज बघायला आलेलं एक जोडपं दचकून मागं वळलं. सून तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली. दुकानदार डोळे पुसत म्हणाला, "घ्या बिनधास्त. ह्याच्यापुढं आमचा एसी मुका हाय."

दोन होते, एक टनाचा आणि दीड टनाचा. डोक्यावर स्लॅब म्हटल्यावर तो म्हणाला, "मग दीडचाच घ्या, न्हायतर खोली गार व्हायची न्हाय. फकस्त रुंदी बघा, ह्यो सव्वीस इंच भरतोय. खिडकी किती तुमची?"

मी ऐटीत चिठ्ठी फडकवली. "सत्तावीस!"

दोन दिवसांनी हे बँकेत गेल्याचं बघून फिटरला एसी घेऊन बोलावलं. त्यानं खिडकीला आपला टेप लावला, परत लावला, आणि माझ्याकडं बघितलं.

"आज्जी, चोवीस हाय की हो."

"सत्तावीस हाय!"

"चोवीस."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तीस वर्षं मी गल्लीतल्या बायकांची ब्लाऊजं शिवली. माप घेतलं की दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया धरायची, शिलाईला, आणि पुढं बाई सुटली तर उसवून सैल करायला. हातानं सवयीनं तेच केलं होतं. खिडकी काही बाळंतपणानंतर सुटत नाही, हे डोक्यातच आलं नाही.

त्यात हे बँकेतनं लवकर परतले. जिन्यावर पावलं वाजली.

"काय चाललंय वर?"

एसी, फिटर, चिठ्ठी, सगळं त्यांनी एका नजरेत बघितलं. उद्यमनगरातल्या कारखान्यात जन्मभर लेथवर काम केलेला माणूस तो.

"माप कुणी घेतलं?"

"मी."

"कशानं?"

मी शिवणाचा टेप पाठीमागं लपवला.

"केसाएवढ्या फरकासाठी वर्कशॉपात मी लोकांना शिव्या घातल्या, आन् माझ्या घरात तीन इंच? मला विचारायचं की!"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्हाला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

फिटर कान टवकारून उभा. सून दाराआड. मी म्हटलं, आता होऊन जाऊ दे. "तुम्ही वर यावं म्हणून आणलाय ह्यो."

"परत पाठवा" एवढं जरी हे म्हणाले असते तरी संपलं होतं सगळं. मी पुन्हा एकटीनं त्या तापलेल्या स्लॅबखाली पडून राहिले असते. त्यांनी फिटरच्या हातातला टेप घेतला आणि खिडकीपाशी वाकले.

"चौकट अडीच-अडीच इंचाची हाय. ती काढली की एकोणतीस. घाल आत."

"आजोबा, खिडकीची झडपं परत बसायची न्हाईत मग."

"न बसू देत. उरलेल्या जागेत फळी मार."

सुतार आला, चौकट निघाली, गल्लीला फुकटचा तमाशा झाला. हे दिवसभर वर-खाली. "जरा भायेरच्या अंगाला उतार ठेव, न्हायतर पाणी आत येईल," असं फिटरला चारदा बजावलं. गुडघ्यांचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाली. मी एसी लावला आणि पलंगावर बसून राहिले. थोड्या वेळानं हे आले, काखेत उशी. माझ्याकडं न बघता आपल्या बाजूला आडवे झाले.

"अगं, दार लाव की. गार सगळं भायेर जातंय."

या घरात सासू-सासरे, दीर-जाऊ, सगळे असताना भरदिवसा नवरा-बायकोच्या खोलीचं दार लावायची छाती कुणाची होती? पुढं ते सगळे गेले, तरी दार आपलं उघडंच राहिलं. मी उठले, दार लोटलं, आणि हात लावलाच आहे तर कडीही घातली.

तेवढ्यात जिन्यातून सुनेचा आवाज. "आई, ताक आणू का वर?"

"नको!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो.